पेडण्याचा निरोप डिचोलीस

इतिहास म्हटला की राज्यांची उलथापालथ, किल्ल्यांचे वेढे, तहांची कलमे आणि देवालयांवरील शिलालेख एवढेच बहुधा आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. आमचा व्यवसाय वकिलीचा. त्यामुळे जुने कागद चाळणे हा आमच्या नित्यकर्माचाच एक भाग होऊन बसला आहे. परंतु त्या कागदांतही वाटण्या, खंड, कर्जे आणि कज्जे यांचाच पसारा अधिक. एका गावची लेक दुसऱ्या गावी दिल्यावर तिचे कुशल माहेरी कसे कळत असे, घरातील म्हातारे माणूस गेले तर सुतकाची वार्ता चार कोसांवरील सोयऱ्यांस कोण पोचवीत असे, मुंबईस गेलेला मुलगा सुखरूप पोचला हे त्याच्या आईस कितव्या दिवशी समजत असे, ह्याचा इतिहास कोणत्याही दप्तरात बांधून ठेवलेला नाही. आणि तरीही कुटुंब म्हणून जे काही शतकानुशतके टिकून राहिले, ते ह्या लहानसान निरोपांच्या आधारावरच टिकले, असे आम्हांस वाटते.

ह्या लेखात आम्ही पेडणे आणि डिचोली ह्या दोन तालुक्यांपुरती ही निरोपाची हकीकत मांडण्याचे योजिले आहे. तिचा शेवट आमच्या घरातील एका बटणांच्या साध्या मोबाईल फोनापाशी होतो. एवढ्या क्षुल्लक वस्तूसाठी इतिहासाचे दार ठोठावावे काय, असा प्रश्न कोणी करील. त्याने लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच आमची विनंती.

प्रारंभ देवतांपासूनच करू. शिरगावची श्रीलईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई ह्या सख्ख्या बहिणी आणि खेतोबा हा त्यांचा भाऊ, असे आपली लोकपरंपरा सांगत आली आहे. म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण हीदेखील ह्याच भावंडांतील एक, मिराबाई, असे मानणारे भाविक हिंदूंत आहेत तसेच ख्रिस्ती बांधवांतही आहेत. लईराईचे स्थान डिचोली तालुक्यात, तर मोरजाईचे पेडण्यात. मध्ये डोंगर, नदी आणि एके काळी दिवसभराची पायवाट. तरीही वैशाख शुद्ध पंचमीस शिरगावास होमकुंड पेटते तेव्हा ह्या साऱ्या बहिणींची आठवण निघाल्यावाचून राहत नाही. नाते हे अंतराने तुटत नाही, त्याची दखल घेणारे कोणी उरले नाही म्हणजे तुटते, हे आपल्या पूर्वजांनी देवतांच्या रूपाने आपणांस शिकवून ठेवले आहे.

आता मनुष्यांकडे वळू. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली आले. त्यापूर्वी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या सत्तेत होता. जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात जे घडले त्याची झळ ह्या भागास तशी लागली नाही. उलट तिकडून निघालेल्या देवांस आणि कुळांस ह्याच बाजूने आसरा दिला. दिवाडीचा श्रीसप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोली महालातील नार्वे येथे आला आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार केला, हे वाचकांस ठाऊकच आहे. देव एका तीरावर आणि भक्तकुळे दुसऱ्या तीरावर, ही स्थिती अनेक देवस्थानांच्या वाट्यास आली. महाजनांची घरे पुढे बेळगाव, कारवार, मुंबई अशी विखुरली. उत्सवाची पालखी कोणत्या तिथीस निघणार, कोणाच्या पाळीची सेवा कधी येणार, ही सूचना त्यांस वेळेवर मिळणे म्हणजे केवळ सोय नव्हे. त्यावर त्यांचा मान आणि हक्क अवलंबून असे. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने महाजनांच्या नोंदीस कायद्याचे रूप दिले. नोंदवहीत नाव आहे, पण सूचना पोचली नाही, तर त्या नावाचा उपयोग काय? निरोप आणि हक्क यांचे हे नाते आम्ही पुढे पुन्हा काढणार आहोत.

जुन्या काळी निरोपाची साधने तीनच होती: पाय, बाजार आणि देऊळ. अत्यंत निकडीची वार्ता पायी जाणाऱ्या माणसाकरवी जाई. साधी वार्ता शुक्रवारपर्यंत थांबे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हा पेडणे, बार्देश आणि डिचोली ह्या तिन्ही तालुक्यांचा संगम. तेथे पेडण्याकडची मिरची, डिचोलीकडचा भाजीपाला आणि दोन्हीकडची ख्यालीखुशाली यांची एकाच वेळी देवघेव होत असे. 'तुमच्या मुलीला दिवस गेले आहेत, चवथीस तिला माहेरी नेऊ नका' असा निरोप सुक्या मासळीच्या रांगेत उभे राहून दिला गेल्याचे आमच्या आजी सांगत. मोटारीचे रस्ते झाल्यावर कारेरीचा चालक हा फिरता टपालवाला बनला. चिठ्ठी, औषधाची बाटली, पोरसातील केळ्यांचा घड, असे सारे त्याच्या हवाली करावे आणि त्याने वळणावर थांबून हाक मारावी. तिसरे साधन देऊळ. चौघडा कोणत्या वेळी वाजला, घंटा अवेळी का झाली, ह्यावरून गावास पुष्कळ काही उमगत असे.

ह्या सरळ व्यवहारावर दडपण आले ते सालाझारशाहीच्या काळात. छापील मजकुरावर पूर्वतपासणीचा जाच इतका की लग्नाची निमंत्रणपत्रिका छापावयाची झाली तरी सरकारी संमती लागे. आपल्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त सोयऱ्यांस कळविण्यासाठी परक्या अधिकाऱ्याचा शिक्का घ्यावा लागणे, ह्याहून कुटुंबाचा अधिक मोठा अधिक्षेप तो कोणता? १८ जून १९४६ रोजी मडगावास डॉ. राममनोहर लोहियांनी नागरी स्वातंत्र्याचा पुकारा केला, त्यामागे असे हजारो घरगुती अपमान साचलेले होते.

पुढे १९५५ साल उजाडले. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला. सरहद्द बंद पडली. येणेजाणे, व्यापार आणि पैशांची पाठवणी यांवर निर्बंध आले. राजकारणाच्या दृष्टीने हे अटळ असेल. परंतु पेडण्याची अर्धी सोयरीक बांदे, सातार्डे, शिरोडे आणि सावंतवाडी ह्या भागांत. जी बहीण डोळ्यांना दिसणाऱ्या डोंगरापलीकडे नांदत होती, ती एकाएकी परदेशस्थ झाली. आमच्या घरातील एका वृद्धेने आपल्या वडिलांच्या निधनाची वार्ता तेरावा उलटून गेल्यावर ऐकली आणि ऐकल्या जागी स्नान करून ती उठली. सुतक संपून गेले होते. रडावे तरी कोणाजवळ, असे ती पुढे कित्येक वर्षे म्हणत असे.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला सरहद्दीपलीकडे आंबोलीच्या रानातून एक आवाज उठला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालविलेले ते गुप्त नभोवाणी केंद्र कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून बोलू लागले आणि गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, बोलत राहिले. वाहत्या वाऱ्यावरून येणारा शब्द पहारेकऱ्यास अडवता येत नाही, ह्या सत्याचा अनुभव आपल्या लोकांनी त्या वेळी प्रथम घेतला. दार लावून, आवाज बारीक करून ऐकलेली ती वाणी आमच्या मते ह्या भूमीतील बिनतारी निरोपाचा पहिला अध्याय होय.

मुक्तीनंतर टपालाचे जाळे पसरले. १९५० साली भारतात सुरू झालेले अंतर्देशीय पत्र आता पेडण्याच्या आणि डिचोलीच्या घराघरांत येऊ लागले. तार मात्र सुखाची क्वचितच येई. तारवाला दारी दिसला की न वाचताच घरातील स्त्रिया मटकन खाली बसत. ती तारसेवाही २०१३ च्या जुलैमध्ये देशभर बंद झाली. दूरध्वनी होता, पण तो भाटकाराच्या, डॉक्टरांच्या नाहीतर दुकानदाराच्या घरी. सामान्य कुटुंबाने अर्ज करावा आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास ताटकळावे आणि जोडणी मिळाल्यावर ओरडून बोलावे, इतके ओरडून की शेजाऱ्यांस फोनावाचूनच सारे समजावे. १९८० नंतरच्या दशकात पिवळ्या पाट्यांची सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे निघाली आणि रात्री दर उतरल्यावर त्यांपुढे रांगा लागू लागल्या. आखातात गेलेल्या मुलाच्या आवाजासाठी डोकीवर पदर घेऊन काचेच्या पेटीत उभी राहिलेली आई आम्ही त्या रांगांत पाहिली आहे. तिची नजर भिंतीवरील लाल आकड्यांवर खिळलेली असे. शब्द उच्चारण्याआधी ती पैसे मोजी.

मोबाईल फोन भारतात प्रथम वाजला तो ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. त्या काळी बोलणाऱ्यास तर आकार पडेच, पण ऐकणाऱ्यासही पडे. साहजिकच ती श्रीमंतांची चैन होती. २००३ साली येणाऱ्या फोनावरील आकार उठला. कायद्याच्या भाषेत हा दरातील एक बदल. परंतु आमच्या समजुतीप्रमाणे कुटुंबाच्या इतिहासात त्याचे मोल कोणत्याही तहाहून कमी नाही. कारण त्यामुळे ज्याच्याजवळ पैसे नाहीत असे घरातील माणूस, म्हणजे म्हातारी आई, विधवा मावशी, शिकणारी मुलगी, हीदेखील ऐकण्याची अधिकारी झाली. त्याच वर्षी नोकिया कंपनीने ११०० क्रमांकाचा, टॉर्च असलेला साधा फोन बाजारात आणला. जगभर त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले.

आमच्या घरी असा फोन २००४ साली आला. तो आम्ही मातोश्रींच्या हाती दिला तेव्हा त्यांनी त्यास प्रथम देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिले. देवघराच्या कोनाड्यात, निरांजनाच्या शेजारी त्याची जागा ठरली आणि आजतागायत ती बदललेली नाही. मातोश्रींस इंग्रजी आकडे वाचता येत नसत. परंतु एखादे बटण दाबून धरले असता ठरलेला क्रमांक आपोआप लागतो, अशी त्यात सोय होती. दोनाच्या बटणावर त्यांनी कपाळाची एक टिकली चिकटवली. ते बटण डिचोली तालुक्यात दिलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीचे. तिनाचे बटण आमचे. चाराचे आमच्या भगिनीचे. वीज गेली की त्याच फोनाच्या टॉर्चने त्या तुळशीपाशी दिवा लावून येत. घरात ऐकू येत नसे, म्हणून बोलण्यासाठी अंगणातील तुळशीवृंदावनाजवळच जावे लागे. आमच्या डोंगराळ भागात फोनाची लहर कोठे पकडते ह्याचा भूगोल प्रत्येक घराने स्वतंत्रपणे शोधून काढला होता. कोणाचे कुंपण, कोणाची विहीर, तर कोणाचा माडाचा बुंधा.

येथे एका गोष्टीची नोंद करणे अगत्याचे आहे. दूरसंचाराच्या व्यवस्थेत गोवा आणि महाराष्ट्र हे एकच परिमंडळ धरण्यात आले. मुंबई शहराचे मात्र वेगळे आणि बेळगाव अर्थातच कर्नाटकाचे. १९५५ साली जी रेषा ओलांडणे हा अपराध ठरला होता, त्या रेषेवर पत्रादेवीस उभे राहून फोन लावला तर तो पेडण्याच्या मनोऱ्यावरून गेला की बांद्याच्या, हे बोलणाऱ्यास कळतही नसे आणि त्याचा वेगळा आकारही पडत नसे. ज्या अधिकाऱ्यांनी नकाशावर ते परिमंडळ आखले, त्यांच्या ध्यानीमनीही पेडण्याच्या लेकीबाळी नसतील. तथापि जे त्यांनी सहज केले, त्याने पन्नास वर्षांपूर्वीची एक जखम बुजवली.

लिपीची कथा ह्याहून विचार करावयास लावणारी आहे. लघुसंदेश रोमन अक्षरांत लिहिला तर १६० अक्षरे मावतात. देवनागरीत लिहिला तर अवघी ७०. साहजिकच आमच्या घरची मुले 'आई मी पोचले' हे रोमन अक्षरांत लिहू लागली. आम्ही प्रथम रागावलो. मग आठवले की फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले तेही रोमन अक्षरांतच, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. यंत्राच्या अडचणीमुळे मराठीने परकी अक्षरे पत्करण्याची ही चारशे वर्षांतील दुसरी खेप. पहिल्या खेपेस यंत्र धर्मप्रसारकांच्या हाती होते, दुसऱ्या खेपेस ते आपल्याच नातवंडांच्या हाती होते, एवढाच काय तो फरक. मातोश्रींस ते रोमन अक्षरांतील संदेश अर्थातच वाचता येत नसत. त्या फोन कानास लावून बसत आणि म्हणत, "अक्षरे नकोत, बाळ, आवाज पाठव." घरची लेक प्रवासाहून उतरली की तिने कोंकणीत 'आये, पावलें गो' एवढे म्हणावे, त्यात त्यांस तिचे जेवण झाले आहे की नाही, तेही ऐकू येत असे.

ह्या साधनाचे उपद्रव आम्हांस ठाऊक नाहीत असे नाही. आपल्या घरांची रचना अशी की परका मनुष्य सोप्यावर बसे. चौकापर्यंत येण्यास ओळख लागे आणि स्वयंपाकघरापर्यंत येण्यास नाते. फोनाने परक्याचा आवाज थेट चुलीपाशी नेऊन ठेवला. 'बँकेतून बोलतो आहे, संदेशात आलेला आकडा सांगा' असे गोड बोलून वृद्धांची जन्माची पुंजी लुबाडणारे भामटे त्याच वाटेने आत शिरले. मातोश्री मात्र अनोळखी आवाजास "कोण उलयता?" असे तीन वेळा विचारतात आणि नीट उत्तर न आल्यास फोन खाली ठेवतात. सोप्याची जुनी शिस्त त्यांनी नव्या यंत्रास लावली. आम्ही अशिलांस जो सल्ला देतो तो ह्याहून फार निराळा नाही.

आता मूळ हकीकतीकडे येतो. फोनाची घंटी वाजवून समोरच्याने तो उचलण्याआधीच बंद केली तर आकार पडत नाही. ह्यास सारा देश मिस्ड कॉल म्हणतो. आमच्या घरी त्यास नुसते 'घंटी' म्हणतात. मातोश्री आणि मावशी ह्या दोघी बहिणींचा नेम असा होता: तिन्हीसांजेस तुळशीपाशी दिवा लावून झाला की पेडण्याहून एक घंटी जावी आणि डिचोलीहून एक घंटी परत यावी. शब्द नाही, खर्च नाही. दिवा लागला, मी बरी आहे, एवढाच अर्थ. चतुर्थी असो वा एकादशी, सात वर्षे हा नेम चालला. घरातील आम्ही शिकलेली मंडळी त्यास हसत असू. महिन्याचे पैसे भरलेले असताना बोलत का नाही, असे विचारीत असू. मातोश्री उत्तर देत नसत.

२०११ च्या आषाढातील एके दिवशी सांजेची घंटी परत आली नाही. मावशीचा मुलगा आणि सून एका नातेवाइकाच्या आजारपणासाठी मुंबईस गेली होती. मावशी घरी एकटी. मातोश्रींनी पुन्हा घंटी दिली, तिसऱ्यांदा दिली. मग आमच्या खोलीच्या दारात येऊन त्या म्हणाल्या, "तिचा दिवा लागलेला नाही. कोणी जाऊन पाहा." बाहेर पाऊस कोसळत होता, रात्रीचे आठ वाजले होते. दुसऱ्या दिवशी न्यायालयात आमचे महत्त्वाचे काम होते. आम्ही त्यांस समजावले की वीज गेली असेल, बॅटरी उतरली असेल, लहर नसेल. तीन कारणे आम्ही दिली. तिन्ही तर्कशुद्ध होती. शेजाऱ्यास विचारावे म्हटले तर तिच्या शेजाऱ्याचा क्रमांक आमच्यापैकी एकाजवळही नव्हता, आणि तो मिळविण्याची खटपटही आम्ही केली नाही. सकाळी पाहू, असे म्हणून आम्ही निजलो.

पहाटे पाच वाजता मातोश्री छत्री घेऊन अंगणात उभ्या होत्या. पहिल्या बसने एकट्याच निघाल्या होत्या. तेव्हा मात्र आम्ही मोटार काढली. डिचोलीकडील त्या घरी पोचलो तो पुढचे दार आतून बंद. मागील बाजूस गेलो. विहिरीकडील शेवाळलेल्या पायरीवरून घसरून मावशी पडवीच्या कडेस पडलेली होती; खुब्याचे हाड मोडलेले, अंग गार, पण शुद्धीवर. घर कुळागरात, पावसाचा आवाज असा की तिची हाक कोणास ऐकू गेली नाही. फोन आत स्वयंपाकघराच्या कोनाड्यात होता. आम्ही तो उचलला तेव्हा त्याच्या लहानशा पडद्यावर आकडा होता १४. रात्रभरात मातोश्रींनी १४ वेळा घंटी दिली होती. आम्ही निजलो होतो तेव्हा त्या निजलेल्या नव्हत्या.

इस्पितळात नेताना मोटारीत मावशी जे बोलली ते आम्ही जन्मात विसरणार नाही. ती म्हणाली, "अक्का, तुझी घंटी बाहेर ऐकू येत होती. ती वाजली की वाटे, तू जागी आहेस. म्हणून मी डोळे मिटले नाहीत."

वकिली करणाऱ्यास येथे एक जुना निवाडा आठवल्यावाचून राहत नाही. खामगाव आणि अहमदाबाद येथील दोन व्यापाऱ्यांत सरकीच्या पेंडीचा सौदा दूरध्वनीवरून झाला होता. करार कोठे पूर्ण झाला, असा वाद निघाला. पत्राने दिलेली संमती ती टपालात टाकताच प्रस्ताव करणाऱ्यावर बंधनकारक होते, असा कायद्याचा दंडक. पण फोनाचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली बहुमताने ठरविले की फोनावर दिलेली संमती जेथे ऐकली जाते तेथे करार पूर्ण होतो. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत दिले होते. विद्यार्थिदशेत आम्ही हा निवाडा परीक्षेसाठी पाठ केला. त्याचा अर्थ आम्हांस त्या पहाटे डिचोलीच्या रस्त्यावर उमगला. जेथे ऐकू आले, तेथे निरोप पोचला. आत फोन कोणी उचलला नव्हता, शब्द एकही उच्चारला गेला नव्हता. आणि तरीही पेडण्याचा निरोप डिचोलीस पोचला होता. पोचला नव्हता तो पेडण्यातच, दहा पावलांवरील आमच्या खोलीत.

न परतलेली घंटी हाही एक निरोपच होता. कायद्यात मौनाचा अर्थ काढताना आम्ही किती बारकाईने वाद घालतो! नोटीस मिळूनही पक्षकार गप्प राहिला तर त्याचे परिणाम काय, ह्यावर आम्ही तास तास बोललो आहोत. घरातील मौन मात्र आम्ही बॅटरीच्या खाती टाकले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली अशा यंत्रातील नोंद, विहित प्रमाणपत्र जोडले असता, न्यायालयात पुरावा म्हणून घेता येते. त्या १४ आकड्याचा पुरावा आमच्याविरुद्ध कोणी कोठे दाखल केला नाही. मातोश्रींनी त्याविषयी आजवर एक शब्दही काढलेला नाही. त्यांनी एवढेच केले: मावशीच्या दोन शेजाऱ्यांचे क्रमांक आमच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आणि पाच व सहा ह्या बटणांवर बसविले.

मावशी काठी घेऊन पुन्हा हिंडूफिरू लागली. २०१४ साली आपल्या घरी, आपल्या माणसांत तिने देह ठेवला. ती वार्ता पेडण्यास पाच मिनिटांत पोचली आणि ह्या खेपेस सुतक तेराव्यानंतर ऐकावे लागले नाही. त्यानंतर इन्व्हेन्तारची कागदपत्रे आम्हीच पाहिली. आपल्या गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे घर, पोरसू, भांडी, दागिने, सारे यादीत लिहिले गेले. तिचा फोन क्रमांक मात्र त्या यादीत येऊ शकत नव्हता, कारण तो क्रमांक ग्राहकाच्या मालकीचा नसून केवळ वापरण्यापुरता त्याच्याकडे दिलेला असतो. ९० दिवस वापरला नाही तर तो बंद होऊन दुसऱ्या कोणास दिला जाऊ शकतो. आम्ही हे सहज बोलून गेलो. मावशीच्या सुनेने ते ऐकले. दिवसकार्य उरकल्यावर त्या क्रमांकावर तिने स्वतःच पैसे भरले आणि त्या संध्याकाळी, तुळशीपाशी दिवा लावून, पेडण्यास घंटी दिली. मातोश्रींनी दोनाचे बटण दाबून उलट घंटी दिली. तो नेम आजही चालू आहे. मातोश्रींचे वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मुलांनी आणून दिलेला स्पर्शाचा मोठा फोन कपाटात आहे, आणि टिकली दर दिवाळीस नवी लागते.

२०२५ च्या ३ मे रोजी पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक मृत्युमुखी पडले. आमच्या घरचे एक मूल त्या रात्री जत्रेस गेले होते. वार्ता कळली तेव्हा आम्ही बॅटरीचा, लहरीचा, गर्दीचा कोणताही तर्क केला नाही. घंटी परत येईपर्यंत मोटारीची किल्ली हातात घेऊन उभे होतो. आणि ती येताच मातोश्रींनी देवापुढे साखर ठेवली. ज्यांच्या घरी त्या सकाळी घंटी परत आली नाही, त्यांचे दुःख शब्दांत मांडण्याचा आम्हांस अधिकार नाही.

वाचकहो, आपल्या प्रत्येक देवस्थानाच्या महाजनांत आज कितीतरी वृद्ध अशा घरांत एकटे राहत आहेत, ज्यांची मुले पुण्यास, मुंबईस किंवा परदेशी आहेत. उत्सवाची सूचना त्यांस देण्यासाठी आपल्या समित्यांजवळ त्यांचे क्रमांक असतातच. त्या क्रमांकांचा उपयोग वर्षातून एकदा वर्गणीसाठी न करता तिन्हीसांजेच्या एका घंटीसाठी करता आला, तर त्यास एक पैसाही लागणार नाही. फक्त घंटी परत न आल्यास उठून जाणारे कोणीतरी हवे. यंत्राने आपले काम केव्हाच चोख बजावले आहे. उठून जाण्याचे काम आपल्याकडे उरले आहे.